पेन्शनीनंतरची शाळा

माणूस पेन्शनीत निघाला म्हणजे ओटीवर बसून दिवस मोजणार, असे आपण धरून चालतो. धोंडो केशव कर्वे यांचा हिशेब निराळा होता. १८९१ पासून फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवून ते १९१४ साली निवृत्त झाले, आणि १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढले. हे पुष्कळांना ठाऊक आहे. त्यापुढचे मात्र थोड्यांना.

१९३६ साली, वयाच्या ७८ च्या घरात, अण्णांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. कशासाठी? तर जिथे लोकल बोर्डाची शाळा पोचली नव्हती, अशा खेड्यांत शाळा काढण्यासाठी. शिक्षण लांब असले म्हणजे काय होते, ते त्यांनी स्वतः सोसले होते. लहानपणी परीक्षेसाठी ते मुरुडहून साताऱ्याला घाट तुडवीत पायी गेले, आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना बसूच दिले नाही!

१९६२ साली, १०४ वर्षांचे होऊन अण्णा गेले. पेन्शनीत निघालेल्या गुरुजींनो, विद्यापीठ काढणे सर्वांना जमायचे नाही. पण गावात एखादे पोर मागे पडत असेल, तर संध्याकाळी तासभर त्याला जवळ घेऊन बसणे जमेल ना?