सुईच्या जागी पातं : एका करवतीचा इतिहास आणि तिची शिस्त

तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर हिवरा आश्रमात येऊन करवतीवर बोलतो, याचं तुम्हाला नवल वाटत असेल. माझी ही डावी तर्जनी बघा. तीन टाके आहेत. त्यांच्यामुळेच मी या विषयाकडे वळलो. ती हकिकत पुढे सांगतो, आधी इतिहास.

आपल्या गावगाड्यात सुतार हा बलुतेदार. त्याच्या करवतीला शक्ती मिळायची ती त्याच्याच दंडातून. दंड थकला की करवत थांबायची. हात आणि हत्यार यांच्यात तिसरं कुणी नव्हतं. चूक झाली तरी ती हाताच्याच वेगाने व्हायची.

आता स्वित्झर्लंडमधल्या सोलोथुर्न या गावी चला. तिथे स्किंटिला नावाच्या कंपनीत आल्बर्ट काउफमान हा अभियंता होता. १९४६ साली त्याने बायकोच्या शिवणयंत्राची सुई काढली आणि तिच्या जागी करवतीचं पातं बसवलं. सुई जशी वरखाली होते तसं पातं वरखाली होऊ लागलं, आणि फळीतून गोल, वळणाचा काप निघू लागला. पुढच्याच वर्षी, १९४७ मध्ये, हातात धरायची विजेची जिगसॉ ‘लेस्टो’ या नावाने बाजारात आली. ज्या यंत्रावर घरोघरी परकर-पोलकी शिवली जात होती, त्याच यंत्रातून हे हत्यार निघालं. मला याची मोठी गंमत वाटते.

यानंतरचा बदल वायरीचा. १९६१ मध्ये ब्लॅक अँड डेकरने बिनवायरीचं ड्रिल आणलं. बॅटरी निकेल-कॅडमियमची, जड आणि लवकर दमणारी. १९९१ साली सोनीने लिथियम-आयन बॅटरी विकायला काढली आणि २००५ च्या सुमारास ती मोठ्या हत्यारांत शिरली. ज्या तिघांच्या संशोधनावर ही बॅटरी उभी आहे, त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. भारनियमन भोगलेल्या आपल्या भागाला याचं मोल वेगळं सांगायला नको. शेतातल्या गोठ्याची चौकट आता शेतातच कापता येते.

पण वायर गेली तेव्हा तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली. प्लग काढलेला दिसला की माणूस निश्चिंत व्हायचा. बॅटरीचं हत्यार टेबलावर पडलेलं असतं तेव्हा ते झोपलेलं आहे की जागं, बाहेरून कळत नाही. निवृत्तीनंतर पुस्तकांची मांडणी करायची हौस आली. पातं बदलायचं होतं. एका हातात पातं होतं, दुसऱ्याने यंत्र उचललं आणि बोट ट्रिगरवर पडलं. बॅटरी आतच होती. हायडेगरने १९२७ च्या ग्रंथात म्हटलं आहे की, हातोडा नीट चालतो तोवर आपलं त्याच्याकडे लक्षच नसतं. तो मोडला की तो दिसतो. हे मी तीस वर्षं शिकवलं. पण माझं हत्यार मोडलंच नव्हतं, ते अगदी नीट चाललं. लक्ष नव्हतं ते माझं.

म्हणून पहिला नियम : आधी बॅटरी काढा, मग पात्याला हात लावा. इथल्या जन्मोत्सवात लाखभर माणसांची पंगत बसते, ट्रॅक्टरमधून पुरी-भाजी वाढली जाते, आणि गोंधळ होत नाही. का? आधी बसायचं, मग वाढायचं, मग जेवायचं, हा क्रम कुणी मोडत नाही म्हणून. इथेही तसंच आहे.

फळी क्लॅम्पने घट्ट आवळा. गुडघ्याखाली धरू नका. कापायच्या रेघेखाली काय आहे ते वाकून बघा, कारण पातं फळीच्या खालूनही बाहेर येतं आणि खाली धरलेला हात आपल्याला दिसत नाही. जुन्या सागवानात खिळे असतात, ते आधी उपटा. यंत्राचा तळ फळीवर सपाट टेकवा, पण पातं लाकडाला लागायच्या आधीच यंत्र सुरू करा. काप झाला की पातं पूर्ण थांबेपर्यंत उचलू नका. नेहमीच्या पात्याचे दात वर बघतात, म्हणून चिरफाळ्या वरच्या बाजूला निघतात. फळीची चांगली बाजू खाली ठेवा. उपरणं, सैल बाही नको. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर मास्क हवाच. लाकडाचा भुसा कर्करोगाला कारण ठरतो, हे जागतिक पातळीवर मान्य झालं आहे.

यंत्र ढकलावं लागतंय, लाकूड करपल्याचा वास येतोय, म्हणजे पातं बोथट झालं. जोर वाढवू नका, पातं बदला. काम संपलं की बॅटरी काढून, हवेच्या फटींतला भुसा मऊ ब्रशने झाडा. पात्यामागच्या चाकावर तेलाचा एखादा थेंब पुरे.

बॅटरीचं म्हणाल तर आपला मे महिना तिचा वैरी. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उन्हातल्या गाडीत ठेवू नका. तापलेली असताना चार्जिंगला लावू नका, आधी निवू द्या. सुटी बॅटरी खिळ्यांच्या डब्यात टाकू नका. दोन टोकांना खिळा जोडला गेला तर आग लागू शकते. महिनोन्महिने वापर नसेल तर अर्धी चार्ज करून ठेवा. फुगलेली दिसली तर मोह सोडा, ती परत वापरू नका.

खंडेनवमीला आपण हत्यारं पुसतो, मग हळदकुंकू वाहतो. आपल्या आजोबांनी पुसणं आधी ठेवलं, कारण पुसताना हत्यार हातात येतं, डोळ्यांसमोर येतं, ढिला दांडा, गंजलेलं पातं लक्षात येतं. वर्षातून एकदा करायचं ते काम बॅटरीच्या हत्याराला रोज लागतं, एवढाच फरक.

उद्या यंत्र उचलाल तेव्हा माझी ही तर्जनी आठवा. आधी बॅटरी काढा.