डोंगरवाटेसाठी सॅक निवडताना

मंडळी, २०१९ मध्ये शारजा–खोर फक्कान महामार्ग सुरू झाल्यापासून हजर डोंगरांतली सकाळची भटकंती सोपी झाली. पण अल रबीसारख्या उघड्या वाटेवर सावली जवळजवळ नाहीच. सह्याद्रीत गडावर टाके सापडते, इथे लागेल ते सगळे पाणी पाठीवरूनच न्यायचे. तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो! सॅक खांद्याला काचू लागली की आपण बाटल्या कमी करतो, आणि उन्हात तेच अंगाशी येते. म्हणून आम्ही सुचवतो:

आकार: एका दिवसाला २० ते २५ लिटरची सॅक पुरते. पाठीकडे जाळी असावी, म्हणजे हवा खेळती राहते.

माप: मान खाली घातल्यावर मानेच्या बुडाशी लागणाऱ्या मणक्यापासून कंबरेच्या हाडापर्यंत पाठ मोजा. उंचीवर जाऊ नका. मुलांना मोठ्यांची सॅक देऊ नका.

बांधणी: सगळे पट्टे सैल करून सॅक चढवा. आधी कंबरपट्टा हाडावर घट्ट करा, मग खांद्याचे पट्टे ओढा, शेवटी छातीचा. श्वास मोकळा हवा.

भरणी: पाणी पाठीलगत, डबा व जास्तीचे कपडे बाहेरच्या बाजूला. टोपी आणि लिंबू-मीठ-साखरेचे सरबत हाताशी.

विकत घेताना दुकानातच सॅकमध्ये चार-पाच किलो वजन घालून दहा मिनिटे फिरून पाहा. रंग नंतर बघू!