शेन आणि त्याचा बुटका हीरो

वेस्टर्न म्हटलं की आमच्या ग्रुपमध्ये दोनच नावं निघतात, क्लिंट ईस्टवूड आणि जॉन वेन. मी ऍलन लॅडचं नाव काढलं की एकजण हमखास म्हणतो, "तो बुटका?" लॅडची उंची साधारण साडेपाच फूट. त्यामुळे त्याच्या पायाखाली खोकं ठेवण्याचे किस्से त्याच्या अभिनयापेक्षा जास्त गाजले. मीसुद्धा आधी हसायचो. मागच्या शनिवारी 'शेन' (1953) दुसऱ्यांदा बघितला आणि हसू बंद झालं.

गोष्ट अगदी साधी आहे. वायोमिंगच्या एका खोऱ्यात स्टॅरेट नावाचा शेतकरी, त्याची बायको आणि लहान मुलगा जोई राहतात. रायकर हा गुरांचा मोठा मालक सगळ्या शेतकऱ्यांना हुसकावू बघतोय. तेवढ्यात डोंगरातून शेन नावाचा एक घोडेस्वार येतो.

ही गोष्ट काल्पनिक असली तरी भांडण खरं होतं. 1862 च्या होमस्टेड कायद्याने, पाच वर्षं राहून जमीन कसणाऱ्याला 160 एकर मिळायची. त्याच माळावर बड्या लोकांची हजारो गुरं मोकळी चरायची. एकाचं कुंपण म्हणजे दुसऱ्याचं कुरण गेलं! त्यात 1886-87 च्या भयंकर हिवाळ्यात गुरं प्रचंड प्रमाणात मेली आणि बडे मालक आणखीनच चिडले. एप्रिल 1892 मध्ये त्यांनी टेक्सासहून भाड्याचे बंदूकवाले आणले आणि पन्नासेक जणांची टोळी जॉन्सन काउंटीवर चालून गेली. नेट चॅम्पियन नावाच्या माणसाने एका लाकडी खोपटातून जवळजवळ दिवसभर त्यांना थोपवलं. वेढ्यात बसून तो वहीत नोंदी करत होता. शेवटी खोपट पेटवून दिलं, तो बाहेर पळाला आणि मारला गेला. मग चिडलेल्या स्थानिकांनी या टोळीलाच वेढलं, तेव्हा राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांनी घोडदळ पाठवलं. ते टोळीला वाचवायला! शिक्षा कोणालाच झाली नाही.

खऱ्या इतिहासात शेन आलाच नाही. म्हणूनच बहुतेक सिनेमात त्याची गरज पडली असावी.

दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्स महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या चित्रीकरण पथकात होता. 1945 मध्ये डाखाऊच्या छळछावणीचं चित्रण त्याने केलं. तिथून आलेल्या माणसाला गोळीबार ही गंमत वाटणं शक्यच नव्हतं. टॉरी नावाचा शेतकरी चिखलात मारला जातो तो प्रसंग बघा. गोळी लागताच तो मागे फेकला जातो, त्यासाठी नटाला तारेने खेचलं होतं. बंदुकीचा आवाजही मुद्दाम तोफेसारखा ठेवलाय. रायकरसुद्धा निव्वळ खलनायक नाही. हा प्रदेश आम्ही रक्त सांडून वसवला, असं तो म्हणतो. स्टॅरेट त्याला आठवण करून देतो की तुमच्याआधीही इथे माणसं होती. मूळ रहिवाशांची बाजू मात्र दोघांच्याही भांडणात येत नाही, तेवढी त्रुटी आहेच.

आता लॅड. सुरुवातीलाच जोई खेळता खेळता बंदुकीचा खटका ओढतो आणि शेन गर्रकन वळतो, हात थेट पिस्तुलावर! पुढच्याच क्षणी ओशाळतो. या माणसाने आयुष्यभर काय केलंय ते आपल्याला एका सेकंदात कळतं. भाडोत्री मारेकरी विल्सन (जॅक पॅलन्स, चांगला सव्वासहा फुटी) पहिल्यांदा समोर येतो तेव्हा तो आणि शेन फक्त एकमेकांना बघतात. पॅलन्स हसतो, लॅडच्या चेहऱ्यावर मात्र थकवा दिसतो. पुन्हा तेच करावं लागणार, असा थकवा. इथे धिप्पाड हीरो असता तर आपण आधीच निर्धास्त झालो असतो. लॅडची काळजी वाटते, आणि सिनेमा तिथेच जिंकतो.

'शेन'ला ऑस्करची सहा नामांकनं मिळाली. सहायक अभिनेत्यासाठी पॅलन्स आणि छोटा ब्रँडन डि वाइल्ड दोघंही यादीत होते. पुरस्कार फक्त रंगीत छायाचित्रणाला, लॉयल ग्रिग्जला मिळाला. लॅडला साधं नामांकनही नाही. गंमत म्हणजे स्टीव्हन्सच्या मनात शेनसाठी आधी माँटगोमेरी क्लिफ्ट होता. लॅड जानेवारी 1964 मध्ये, अवघ्या पन्नासाव्या वर्षी, दारू आणि झोपेच्या औषधांच्या मिश्रणाने गेला.

शेवटी शेन जोईला सांगतो की माणूस मारल्यावर पुन्हा साधं आयुष्य जगता येत नाही, आणि निघून जातो. पोरगं हाका मारत राहतं. खोऱ्यात शांतता आली, पण ती आणणाऱ्याला त्यात जागा नाही. हे सगळं लॅड जवळजवळ न बोलता सांगतो.

असो. सोमवारी आमच्या त्या मित्राला जबरदस्तीने सीडी देणार आहे. उंची नंतर मोज म्हणावं.