सूर्यफूल तेलातील मेणनिष्कासन

सूर्यफुलाच्या बियांच्या टरफलावरील मेण गाळपाच्या वेळी तेलात उतरते. लांब साखळीची मेदाम्ले व मेद-अल्कोहॉले यांची ही एस्टरे आरोग्यास अपायकारक नाहीत. पण थंडीत बाटलीतले तेल गढूळ दिसते आणि गिऱ्हाईक ते भेसळीचे समजते. मेण काढण्याचा खटाटोप मुख्यतः त्यासाठीच.

तेल सावकाश सु. ५ ते ८° से.पर्यंत थंड करून काही तास मंद ढवळत ठेवतात. घाई केल्यास मेणाचे स्फटिक बारीक राहतात व गाळणीतून निसटतात. हे स्फटिक मऊ असल्याने नुसत्या कापडावर दाबाखाली चपटून भोके बुजवतात. म्हणून जाळीवर आधी डायाटमी मातीचा (सूक्ष्म शैवलांच्या सिलिकामय कवचांच्या जीवाश्मांचा) किंवा परलाइटचा (तापवून फुगवलेल्या ज्वालामुखी काचेचा) थर चढवतात आणि तीच भुकटी येणाऱ्या तेलातही मिसळत राहतात. त्यामुळे साचणारा थर सच्छिद्र राहतो. ही खनिजे मेण शोषत नाहीत, केवळ अडवतात. गाळण्यापूर्वी तेल किंचित कोमट केले, तर ते पातळ होऊन लवकर गळते. अधिक तापवल्यास मेण पुन्हा विरघळते.

गाळलेले तेल ०° से.ला ५·५ तास नितळ राहिले, तर ते शीतचाचणीत उतरले असे मानतात. उरलेल्या चोथ्यात बरेच तेल अडकते, हा तोटाच. भाजलेल्या डायाटमी मातीच्या धुळीत स्फटिकी सिलिका असल्याने पोती रिकामी करणाऱ्या कामगारांना श्वसनमुखवटा आवश्यक असतो.