वाक्याच्या मध्येच संपलेलं पुस्तक

शनिवारची सकाळ, चहाचा दुसरा कप आणि आजचा विषय जरा जड. आधीच सांगून ठेवतो.

जॉन ग्रीनची 'द फॉल्ट इन अवर स्टार्स' ही कादंबरी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचली असेल, निदान २०१४ चा सिनेमा तरी पाहिला असेल. सोळा वर्षांची हेझल. थायरॉइडचा कॅन्सर फुफ्फुसांत पसरलेला, नाकात नळी, सोबत ऑक्सिजनचं सिलिंडर. किती दिवस उरलेत ते कुणालाच माहीत नाही, पण फार नाहीत हे सगळ्यांना कळलेलं. १० जानेवारी २०१२ ला अमेरिकेत पुस्तक आलं आणि वाचकांत दोन तट पडले. मला कथानकाइतकाच या भांडणाचा इतिहास इंटरेस्टिंग वाटतो.

थोडं मागे जाऊ. २००० साली ग्रीन ओहायोतल्या मुलांच्या एका हॉस्पिटलात चॅप्लिन म्हणून काम करत होता. म्हणजे आजारी मुलांच्या आईबापांजवळ बसायचं, धीर द्यायचा. वय जेमतेम बावीस. त्या अनुभवावर लिहायचा त्याचा प्रयत्न पुढे वर्षानुवर्षं फसत राहिला. मग एस्थर अर्ल नावाच्या, थायरॉइडचाच कॅन्सर असलेल्या वाचक मुलीशी त्याची मैत्री झाली. ऑगस्ट २०१० मध्ये ती सोळाव्या वर्षी गेली. पुस्तक तिलाच अर्पण केलंय. हेझल म्हणजे एस्थर नव्हे, हे मात्र ग्रीन वारंवार सांगत आलाय.

आता वाचकांची मतं. पहिला आक्षेप म्हणजे सोळा-सतरा वर्षांची पोरं असं बोलतात का? तोंडात न पेटवलेली सिगरेट काय, तिच्यावरचं रूपक काय! खरं सांगायचं तर पहिली पन्नास पानं मीही कुरकुरलो होतो.

दुसरा आक्षेप मोठ्या माणसांचा. २०१३ च्या सुरुवातीला ब्रिटनच्या 'डेली मेल'ने अशा पुस्तकांना 'सिक-लिट' म्हणून झोडपलं. मुलांच्या हातात आजार आणि मरण कशाला द्यायचं, हा सूर. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडच्या मिडल स्कूलच्या लायब्रऱ्यांतून एका पालकाच्या तक्रारीवरून ते काढलं गेलं. तक्रारीत शिवराळ भाषा आणि सेक्स होतंच, शिवाय मुलं कॅन्सरनं मरतात हेही होतं. २०२३ मध्ये तर इंडियानातल्या एका लायब्ररीनं ते टीनएजर्सच्या कपाटातून उचलून मोठ्यांच्या कपाटात ठेवलं. गंमत बघा, हेझलची गोष्ट घडते इंडियानापोलिसमध्ये, ग्रीन राहतो तिथेच आणि लायब्ररी त्याच शहराच्या उपनगरांतली! आरडाओरडा झाल्यावर तो निर्णय स्थगित झाला.

म्हणजे सोळा वर्षांच्या मुलीला कॅन्सर होऊ शकतो, पण सोळा वर्षांच्या मुलीनं त्याबद्दल वाचायचं नाही. या लॉजिकमध्ये बग आहे राव.

ग्रीनचा स्वतःचा राग वेगळाच होता. आजारी माणूस गोष्टीत येतो तो धडधाकट माणसांना काहीतरी शिकवून जाण्यापुरता, हे त्याला खटकायचं. म्हणून त्यानं हेझलला 'शूर' वगैरे केलं नाही. तिला वाचक केलं, आणि तीही हट्टी वाचक. तिचं लाडकं पुस्तक वाक्याच्या मध्येच संपतं, कारण सांगणारी मुलगीच संपते. हेझलला लेखकाला गाठून विचारायचंय, पुढे त्या मुलीच्या आईचं काय झालं? त्यासाठी ती सिलिंडर घेऊन ॲमस्टरडॅमपर्यंत जाते. ('दिल बेचारा'त याचं अर्धवट राहिलेलं गाणं झालं. तो सिनेमा २४ जुलै २०२० ला आला, सुशांत सिंग राजपूत जाऊन सहा आठवडेसुद्धा झाले नव्हते. तो गोष्ट म्हणून पाहणं आपल्यापैकी कितीजणांना जमलं?)

दोन्ही तटांचं इथेच काहीतरी निसटतं असं मला वाटतं. पोरं खरी बोलतात की खोटी, हा वाद चालू द्या. हेझलचा खरा प्रश्न त्या पुस्तकातल्या आईबद्दल नाहीच. माझ्यामागे माझे आईबाबा काय करतील, हे तिला विचारायचंय. आपली आई गुपचूप समाजकार्याचा कोर्स करतेय, हे कळल्यावर तिला वाईट वाटत नाही. उलट हायसं वाटतं. आई पुढे जगणार आहे!

हे वाचताना मी थांबलो, कारण मला माझे काका आठवले. त्यांना काय झालंय ते आम्ही त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. 'धसका घेतील' म्हणून. जायच्या चारेक दिवस आधी त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, "हिचं कसं होईल रे?" मी म्हटलं, "काहीतरीच काय काका, पुढच्या महिन्यात गणपतीला घरी असाल." ते हसले आणि भिंतीकडे वळले.

तेव्हा वाटलं, धीर दिला. ते उत्तर मागत होते आणि उत्तर होतं माझ्याकडे. काकूच्या पेन्शनचं बघून झालं होतं, धाकटी बहीण पुण्याला बदली करून घेणार होती. दोन मिनिटांत सांगता आलं असतं.

असो. पुस्तक माझ्याकडे आहे, भाचीनं मागितलंय. ती चौदा वर्षांची आहे. ताई म्हणते, अजून लहान आहे. उद्या जेवायला जातोय त्यांच्याकडे, घेऊन जाईन म्हणतो.