५१४ मायक्रॉन : नागपूरजवळच्या खेड्यांतील एक मोजमाप आणि लेसिकचा इतिहास

१/८
२००६ ते २००८ या काळात नागपूरजवळच्या आठ खेड्यांतील, तिशी ओलांडलेल्या ४,७११ स्त्री-पुरुषांचे डोळे तपासले गेले. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाचे प्रा. योस्ट योनास यांच्या या अभ्यासातून एक आकडा पुढे आला : ५१४.

२/८
ही पारपटलाची, म्हणजे डोळ्याच्या अगदी पुढच्या पारदर्शक पडद्याची, मध्यभागची सरासरी जाडी, मायक्रॉनमध्ये. युरोपीय वंशाच्या लोकांत ती साधारण ५४० असते. हा फरक केसाच्या जाडीहूनही कमी. तरीही चष्मा घालवणाऱ्या शस्त्रक्रियेत तो निर्णायक ठरू शकतो. त्याचे कारण या शस्त्रक्रियेच्या इतिहासात आहे.

३/८
पारपटलाचा आकार बदलून चष्म्याचा नंबर घालवता येईल, ही कल्पना होसे इग्नासियो बाराकेर यांनी १९४९ मध्ये मांडली. कोलंबियातील बोगोटा येथे त्यांनी सुताराच्या रंध्याच्या तत्त्वावर चालणारे उपकरण घडवले : मायक्रोकेराटोम. त्याने पारपटलाची पातळ चकती कापायची, ती गोठवून लेथवर घासायची आणि पुन्हा बसवायची.

४/८
१९८१ मध्ये अमेरिकेतील आयबीएमच्या प्रयोगशाळेत भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ रंगास्वामी श्रीनिवासन व सहकाऱ्यांना आढळले, की एक्सायमर लेसर आजूबाजूचा भाग न भाजता ऊती अचूक काढतो. पुढे १९९० च्या सुमारास क्रीट बेटावर योआनिस पालिकारिस यांनी रंधा आणि लेसर एकत्र आणले. पारपटलाचा वरचा थर पुस्तकाच्या पानासारखा उलटायचा, खालचा भाग लेसरने घडवायचा आणि पान मिटायचे. हे पान म्हणजे फ्लॅप. ही पद्धत म्हणजे लेसिक.

५/८
मिटलेला फ्लॅप दृष्टीला उपयोगी पडतो, पण डोळ्याच्या आतल्या दाबाचा भार मुख्यतः खाली उरलेला थर पेलतो. तो फार पातळ झाला, तर पारपटल फुगून पुढे येते आणि दृष्टी बिघडते. १९९८ मध्ये थिओ झायलर यांनी असे रुग्ण नोंदवले. खाली किमान २५० मायक्रॉन राखावेत, हा दंडक रूढ झाला.

६/८
आता हिशेब. ६ मिलिमीटर व्यासाच्या भागात एक नंबर घालवण्यास सुमारे १२ मायक्रॉन खर्ची पडतात; उणे ६ साठी ७२. फ्लॅप १६० चा ठरवला, तर ५१४ मधून २८२ उरतात. मात्र पात्याने कापताना २०-३० मायक्रॉनची चूक असामान्य नव्हती. क्वचित ती याहूनही मोठी असे. फ्लॅप २०० चा झाला, तर ५४० च्या डोळ्यात २६८ उरतात, ५१४ च्या डोळ्यात केवळ २४२. चूक तीच, एक डोळा दंडकाच्या आत राहतो, दुसरा बाहेर जातो.

७/८
म्हणूनच २००० नंतर पात्याची जागा फेम्टोसेकंद लेसर घेऊ लागला. ११० च्या आसपासचा पातळ फ्लॅप, तोही पात्याहून बराच कमी फरकाने, कापणे शक्य झाले. वरच्याच हिशेबात आता ३३२ मायक्रॉन उरतात.

८/८
अर्थात २५० हा आकडा हमी देत नाही. पारपटल मुळातच कमकुवत असेल, तर पुरेशी जाडी राखूनही ते फुगू शकते. शिवाय ५१४ ही केवळ सरासरी. त्या खेड्यांतील जवळपास निम्म्या लोकांची पारपटले तिच्याहून पातळ होती. त्यांच्यापैकी कोणी चष्मा घालवायला आले नव्हते. तरीही त्यांच्या मोजमापाने एक गोष्ट स्पष्ट केली : फ्लॅप किती अचूक हवा, हे यंत्राच्या माहितीपत्रकावरून ठरत नाही, ते समोरच्या डोळ्याच्या जाडीवरून ठरते.