जोगेश्वरी, रात्री साडेबारा

अमृतसरच्या टाउन हॉलमधल्या फाळणी संग्रहालयात एक फुलकारीचा कोट आणि चामड्याची बॅग शेजारी शेजारी ठेवली आहे. लग्न ठरलेली दोघं फाळणीत दुरावली आणि निर्वासित छावणीत पुन्हा भेटली. कोट तिचा, बॅग त्याची. बराच वेळ मी तिथून हललोच नाही. दिंडोशीला घरी आलो तेव्हा वाटलं, इथून हायवेने जोगेश्वरी किती जवळ! आणि १९९२-९३च्या दंगलींसाठी आख्ख्या मुंबईत असं संग्रहालय नाही. ते झालं, तर त्यात पुढचा घटनाक्रम हवा.

६ डिसेंबर १९९२, दुपारी दोनच्या सुमारास: अयोध्येत बाबरी मशिदीचा पहिला घुमट कोसळतो. पाच वाजेपर्यंत तिन्ही.

त्याच दिवशी, धारावी: शिवसेनेची विजयाची सायकल फेरी, काळा किल्ल्याजवळ सभा.

रात्री साडेअकराच्या सुमारास, पायधुनी: मिनारा मशिदीजवळ संतापलेला जमाव. दंगलीला तोंड फुटतं.

२६ डिसेंबरपासून: रस्त्यांवर महाआरत्या.

५ जानेवारी १९९३, रात्र, डोंगरी: माथाडी कामगारांचे खून.

८ जानेवारी, रात्री साडेबारा, जोगेश्वरी पूर्व, राधाबाई चाळ: काही हिंदू घरांची दारं बाहेरून बंद करून आग लावली जाते. एक पुरुष, पाच बायका-मुली जळून मरतात. त्यांतली एक मुलगी अपंग. दार आतून ढकलणाऱ्यांचा विचार मनात आला की पुढचं वाचवत नाही.

यानंतर सूडाच्या नावाखाली मुंबईभर मुसलमानांची घरं, दुकानं, माणसं जाळली गेली.

आमच्याकडे कुणी ही गोष्ट ६ डिसेंबरपासून सांगतं, कुणी राधाबाई चाळीपासून. ज्याचं माणूस जिथे गेलं, तिथून तो सुरुवात करतो. त्याला दोष कसा द्यायचा? पण संग्रहालयाने तसं करून चालणार नाही. या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने ९०० मृत मोजले: ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, ४५ अज्ञात, ५ इतर. राधाबाई चाळ प्रकरणात टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या न्यायालयाने दोषी ठरवलेले आरोपी १९९८ साली सर्वोच्च न्यायालयातून निर्दोष सुटले. ती दारं कुणी बंद केली, हे कायद्याच्या लेखी आजही ठरलेलं नाही.

त्या दिवसांतलं रेशनकार्ड, अर्धा जळालेला फोटो, एखादी किल्ली तुमच्या घरात असेल, तर घर बदलताना भंगारात देऊ नका. जपून ठेवा.